जेजुरी ते वाठार: रुळांच्या सोबतीने सायकलवर एक दिवस

सालपे घाटात मी सर्वांत हलक्या गिअरवर होतो आणि तरीही धापा टाकत होतो. मागून कुठून तरी हॉर्न ऐकू आला. पाय टेकून थांबलो. खालच्या बाजूने रेल्वेगाडी आली, डोंगराच्या सोंडेआड गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा दिसली, तेव्हा तिचं तोंड जिथून आली होती तिकडेच होतं. आदर्कीचं हे वळण मी गाडीत बसून निदान पंचवीस वेळा पार केलं असेल, पण गाडी तिथे एवढा मोठा वळसा का घालते ते कळलं त्या दिवशी, मांड्या भरून आल्यावर. रस्ता डोंगराला सरळ भिडतो. रुळांना ते परवडत नाही.

रेल्वेच्या वेड्याने सायकल घ्यावी असं मी सांगतो ते यासाठी. इंजिनं बघायला प्लॅटफॉर्मचं दहा रुपयांचं तिकीट पुरतं. मार्ग बघायचा, म्हणजे तो इथूनच का गेला, इथेच का वळला, गावापासून चार किलोमीटर लांब स्टेशन का बांधलं, हे समजून घ्यायचं, तर चढ पायांना लागला पाहिजे. मोटारसायकलवर तो लागत नाही.

खाली पुणे–मिरज मार्गाचा एक तुकडा घेऊन सगळी तयारी सांगतो. तुमचा मार्ग दुसरा असेल तर गावांची नावं बदला, रीत तीच.

तुकडा निवडताना

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे फार मोठा पल्ला. पुणे ते मिरज लोहमार्ग सुमारे २८० किलोमीटरचा आहे. तो एका दमात करायला गेलात तर सायकलिंग होईल, रेल्वे बघणं होणार नाही. दर दहा किलोमीटरला अर्धा-पाऊण तास थांबणं धरा. म्हणजे दिवसाला साठ किलोमीटर पुष्कळ झाले, नव्या माणसाला तीस-चाळीस.

चांगल्या तुकड्यात तीन गोष्टी असाव्यात: रुळांना फार न सोडणारा रस्ता, एखादा घाट किंवा नदी, आणि दोन्ही टोकांना परतीची सोय. जेजुरी–दौंडज–वाल्हे–नीरा–लोणंद–सालपे–आदर्की–वाठार हा तुकडा या तिन्हींत बसतो. जेजुरी ते लोणंद साधारण तीस-बत्तीस किलोमीटर आणि पुढे वाठार स्टेशनपर्यंत आणखी पंचवीस-तीस. पहिला अर्धा सोपा, दुसऱ्यात घाट. दमलात तर लोणंदला थांबता येतं.

या मार्गाची थोडी पूर्वपीठिका माहीत असावी, नाहीतर दगडी इमारती नुसत्या जुन्या वाटतात. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने १८८० च्या दशकात हा मार्ग मीटरगेजमध्ये, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, घातला. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेबरोबर एकत्र आली आणि एमएसएम, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, झाली. १९७० च्या आसपास इथे ब्रॉडगेज, म्हणजे आजचे रुंद रूळ, आले, अलीकडे दुहेरीकरण आणि विजेच्या तारा. म्हणजे एकाच स्टेशनात तीन-चार काळांचे थर सापडतात, ओळखता यायला हवेत.

घरी बसून करायचं काम

एक संध्याकाळ नकाशाला द्या. उपग्रहाचं चित्र उघडा आणि रुळांवरून बोट फिरवत जा. रस्ता रुळाला कुठे छेदतो ते प्रत्येक ठिकाण वहीत लिहा: फाटक, वरून पूल की खालून बोगदा. आपल्याकडे फाटकं झपाट्याने बंद होऊन त्यांच्या जागी भुयारी मार्ग येत आहेत, त्यामुळे जुन्या नकाशातलं फाटक प्रत्यक्षात भिंत असू शकतं. पावसाळ्यात हे बोगदे तळ्यासारखे भरतात. गुडघाभर पाण्यातून सायकल उचलून नेण्याची हौस मी एकदाच केली.

मग नकाशाचा उंचसखलपणा दाखवणारा थर लावा. इथे मजा येते. लोणंद नीरेच्या खोऱ्यात आहे. वाठार महादेव डोंगररांगेच्या पलीकडे, कृष्णेच्या बाजूला. मधल्या डोंगरावर पडलेला पाऊस एका अंगाला नीरेत आणि तिच्यातून भीमेत जातो, दुसऱ्या अंगाला कृष्णेत, आणि ही दोन पाणी भेटतात ती थेट रायचूरजवळ. सालपे घाट चढताना तुम्ही हा पाणलोट ओलांडत असता. आदर्कीचं वळण त्याच पाणलोटासाठी आहे.

चढाचं गणित एकदा समजून घ्या. मुंबई–पुणे मार्गावरचा बोरघाट रेल्वेच्या हिशेबात भयंकर मानला जातो, तिथे गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिनं लावतात. त्याचा चढ सदतीसाला एक, म्हणजे शेकडा २.७. सायकलवर तो तुम्ही गप्पा मारत चढाल. लोखंडाचं चाक लोखंडावर जवळजवळ फुकट धावतं, पण त्याची पकडही तितकीच कमी, त्यामुळे चढ आला की रेल्वे लांबचा रस्ता धरते. डोंगर जितका उंच, तितका वळसा लांब. एवढं डोक्यात ठेवून नकाशा पाहिलात तर प्रत्येक वळण बोलायला लागतं.

गाड्यांच्या वेळा आदल्या रात्री उतरवून घ्या आणि सकाळी एनटीईएस या रेल्वेच्या ॲपवर ताज्या बघा. कोयना, महाराष्ट्र एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, २०२४ पासून आलेल्या वंदे भारत, शिवाय पॅसेंजर. कुठली गाडी तुम्हाला कुठे गाठेल याचा अंदाज करून वहीत गावासमोर वेळ लिहा. मालगाड्या ॲपवर सापडत नाहीत. त्या फाटकावर कळतात.

सायकल आणि पाठपिशवी

साधी हायब्रिड सायकल उत्तम. टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे. रोडबाईकच्या बारीक टायरवर फाटकाच्या रुळांतली फट आणि स्टेशनकडे जाणारा खडबडीत रस्ता त्रास देतात. खरा शत्रू मात्र बाभूळ. रुळालगत कुंपण म्हणून वाढलेल्या बाभळी आणि शेळ्यांसाठी पाडलेल्या फांद्या, यांचे काटे रस्त्यावर असतातच. दोन जादा ट्यूब, पंप, ठिगळाचं सामान, आणि जमलं तर ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव. पंक्चर काढायच्या आधी टायर आतून बोटाने चाचपा. काटा मोडून आत राहतो आणि पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. मी दौंडजच्या अलीकडे दोन्ही जादा ट्यूब अशाच घालवल्या आणि जेजुरीपर्यंत चालत परत आलो, गाड्या मात्र त्या दिवशी सगळ्या वेळेवर होत्या.

बाकी सामान: तीन लिटर पाणी, टोपी, लहान दुर्बीण, वही, पेन्सिल, खडूचा एक तुकडा. खडू कशाला ते पुढे येईल.

मोसम सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण पश्चिमेचा वारा सायकल जागेवर धरून ठेवतो. दोन गोष्टी पंचांग बघून टाळा. जेजुरीला सोमवती अमावास्या किंवा चंपाषष्ठीची गर्दी असेल तर जाऊ नका. आणि आषाढी वारीच्या दिवसांत तर नाहीच, कारण ज्ञानेश्वर माउलींची पालखी जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी याच रस्त्याने जाते. एका अर्थी हेही बघण्यासारखं आहे: पायी चालणाऱ्यांनी शेकडो वर्षांत शोधलेली सोपी वाट आणि इंजिनिअरने दुर्बीण लावून शोधलेली वाट इथे शेजारी शेजारी आहेत.

कायदा आणि रीतभात

हे कंटाळवाणं असलं तरी वाचा. रुळांवर किंवा रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रुळाशेजारी खडीला लागून पायवाट दिसते, ती ट्रॅकवर काम करणाऱ्या माणसांसाठी असते. सायकल तिथे न्यायची नाही. विजेच्या गाड्या आवाज न करता येतात, आणि वाऱ्याच्या दिवशी तर अजिबात ऐकू येत नाहीत.

फाटक बंद असताना खालून सायकल तिरकी करून घुसणारे रोज दिसतात. तुम्ही गाड्या बघायला आला आहात, फाटक बंद होणं हा तुमचा फायदा आहे. थांबा.

पुलावरून बघताना वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात हे विसरू नका. सेल्फी स्टिक, ट्रायपॉड, भिजलेली काठी, काहीही कठड्याबाहेर काढायचं नाही. तारेला प्रत्यक्ष टेकावं लागतं असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसतो.

स्टेशनात गेलात तर आधी मास्तरांना भेटा. नमस्कार करून, कुठून आलो, कशासाठी आलो, फोटो काढले तर चालतील का, एवढं विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत. एका ठिकाणी मी न विचारता सिग्नल केबिनचा फोटो घेतला आणि अर्धा तास ओळखपत्र दाखवत उभा राहिलो. चूक माझीच होती. ड्रोन घरी ठेवा.

ट्रॅकवर माणसं भेटतात त्यांच्याशी बोलणं हा या प्रवासातला सगळ्यांत मोठा ठेवा आहे. रोज खांद्यावर हातोडा घेऊन आपला तुकडा तपासत चालणाऱ्या की-मनला त्या मार्गाबद्दल जे ठाऊक असतं ते कुठल्याही ॲपमध्ये नाही. मला एकाने लांबून हाक मारली, "कुठलं म्हणायचं पाव्हणं? सर्व्हेवालं का?" म्हटलं, नाही मामा, गाड्या बघायला आलोय. त्यांना ते काही पटलं नाही. "गाडीत बसून बगायचं की मग," म्हणाले. पण पुढची मालगाडी कधी, कुठल्या वळणावर रूळ जास्त झिजतो, उन्हाळ्यात दुपारी ते कशाची धास्ती घेतात, सगळं सांगितलं.

सकाळ: जेजुरी ते लोणंद

उजाडता उजाडता जेजुरी सोडा. रस्ता आता पालखी महामार्ग म्हणून रुंद झालाय, गाड्या वेगात असतात, तेव्हा कडेची पांढरी रेघ सोडू नका आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर भेटतील. त्यांची मागची ट्रॉली झोके खाते. ओव्हरटेक करण्याऐवजी त्यांना जाऊ द्या, चहा घ्या.

दौंडज खिंडीकडे जाताना रूळ आणि रस्ता एकाच फटीतून जायला बघतात. इथे पहिला धडा. खिंडीत रस्ता थोडा वर चढून उतरतो, रूळ मात्र टेकडी कापून खोल चरातून जातो. पुढे सखल भागात उलटं होतं: रस्ता खाली उतरतो आणि रूळ मातीच्या भरावावर उंच राहतो. म्हणजे उंच भाग खोदायचा आणि ती माती सखल भागात टाकायची. चढउतार पायांना लागतात तिथे तिथे थांबून बघा, रुळाने त्याच जागी काय केलंय.

वाल्ह्याला नाश्ता, आणि तिथून नीरेपर्यंत उतार. नीरेचा पूल दुरून बघा. रूळ नदीला शक्यतो काटकोनात ओलांडतात, कारण तिरका पूल लांब होतो आणि महाग पडतो. त्यासाठी पुलाच्या अलीकडे-पलीकडे रुळांना मुद्दाम वळण दिलेलं असतं. नकाशावर ते बघून ठेवलं असेल तर प्रत्यक्षात दिसल्यावर फार आनंद होतो.

लोणंद म्हणजे कांद्याचा बाजार. स्टेशनाला इथे जंक्शनचा तोरा आहे, फलटणकडे शाखा फुटते. दुपारचं जेवण आणि तासभर स्टेशन. मास्तरांची परवानगी असेल तर प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जा आणि पिवळी पाटी वाचा, गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वहीत लिहा. वाठारला पुन्हा लिहायची आहे. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमची दुपार.

खांब आणि पाट्या वाचणं

फाटकावर उभं असताना करायचा हा उद्योग. तारेच्या खांबांवर दोन ओळींत आकडे असतात: वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातल्या खांबाचा क्रमांक. बातमीत "अमुक किलोमीटरवर गाडी थांबली" म्हणतात ते याच हिशेबाने. दोन किलोमीटर-पाट्यांमधला वेळ सेकंदांत मोजा आणि ३६०० ला त्याने भागा. पंचेचाळीस सेकंद लागले तर वेग ताशी ८०.

फाटकाच्या अलीकडे रुळाकडेला "सी/फा" अशी पाटी दिसते. सीटी, फाटक. ड्रायव्हरला तिथे हॉर्न वाजवायचा असतो, तेव्हा पाटी सापडली की गाडीचा आवाज कुठून सुरू होणार ते कळतं. "टी/पी" आणि "टी/जी" दिसलं तर तिथे वेगमर्यादा संपते, पहिलं प्रवासी गाडीसाठी, दुसरं मालगाडीसाठी. चढाच्या खांबाला दोन आडवे हात असतात. वर उचललेला हात म्हणजे त्या बाजूला चढ, आणि त्यावर १०० लिहिलं असेल तर शंभर मीटरला एक मीटर. असा खांब सापडला की त्याच्या शेजारच्या रस्त्याचा चढ सायकलच्या मीटरवर बघा. फरक पाहून रेल्वेबद्दलचा आदर वाढतो, की रस्ते बांधणाऱ्यांबद्दलचा राग, ते तुमच्या दमावर आहे.

गाडी जाताना गेटमन झेंडी धरून शेवटपर्यंत उभा असतो. तो शेवटच्या डब्याच्या पाठीवरची मोठी फुली बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी पुरी गेली, मधेच डबे सुटून राहिले नाहीत. ही सवय लावून घ्या, पुढे दिसणाऱ्या इंजिनापेक्षा मागची फुली बघणारा माणूस वेगळाच ओळखू येतो.

आणि खडू. जुन्या स्टेशनांच्या आवाराला, रस्त्याकडेच्या कुंपणाला बऱ्याचदा निकामी रुळांचेच खांब केलेले असतात. रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीवर, तो कुठल्या कारखान्यात आणि कधी लाटला ते उठावदार अक्षरांत असतं. गंजाने वाचता येत नाही. खडू आडवा धरून हलकेच घासला की अक्षरं पांढरी होऊन वर येतात. मला एका खांबावर कारखान्याचं नाव लागलं नाही, पण सालातले पहिले दोन आकडे लागले, एक आणि आठ. उरलेले दोन गंजाने खाल्ले होते. बोटाखाली ते १८ बराच वेळ चाचपत बसलो. खांब आवाराबाहेर असेल तरच हे करा, आणि रुमालाने खडू पुसून टाका.

दुपार: सालपे आणि आदर्की

तीनच्या सुमाराला लोणंद सोडा, ऊन उतरणीला लागतं. सालप्यापर्यंत पाय मोकळे होतात, मग घाट. घाई नको. प्रत्येक वळणावर थांबून रूळ कुठे आहेत ते शोधा, कधी खाली, कधी अनपेक्षित बाजूला. एखादी गाडी दिसण्याची वेळ वहीत लिहिली असेल तर वीस मिनिटं आधी जागा धरा आणि सूर्य पाठीशी ठेवा. पूर्वी डिझेल इंजिन चढाला लागलं की घाटभर घुमायचं, ते आता क्वचितच. विजेचं इंजिन नुसतं गुणगुणत जातं, पण मालगाडीची चाकं वळणावर रुळाला घासून जो किंचाळल्यासारखा आवाज करतात तो अजून आहे, आणि तो गाडीत बसून कधीच ऐकू येत नाही.

घाट संपला की वाठारपर्यंत सोपं. गावाचं नावच वाठार स्टेशन, यावरून रेल्वेने काय केलं ते लक्षात यावं. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे साहेब आणि पारशी शेटजी एकेकाळी इथे उतरत आणि टांग्याने पुढे जात. आता कोणी महाबळेश्वरसाठी वाठारला उतरत नाही. चहा घ्या, पाटीवरची उंची वाचा, लोणंदची त्यातून वजा करा.

परत कसं यायचं

सायकल गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून लगेज म्हणून जाते, पण पार्सल ऑफिसात आधी जाऊन बुकिंग करावं लागतं, आणि लहान स्टेशनावर गाडी मिनिटभर थांबते तिथे ते जमत नाही. घडीची सायकल असेल तर पिशवीत घालून पॅसेंजरने परत या, गर्दी नसेल तर कोणी हरकत घेत नाही. मोठी सायकल असेल तर वाठारला मुक्काम किंवा दुसऱ्या दिवशी साताऱ्यापर्यंत.

तो दुसरा दिवस करायचा असेल तर वाटेत सातारा रोड बघा, स्टेशनाभोवती वाढलेलं गाव, जिथे कूपरांनी नांगर आणि डिझेल इंजिनं बनवली. याच मार्गावर पुढे ओगलेवाडी, कऱ्हाडचं स्टेशन, प्रभाकर कंदिलांचं काचगाव. त्याच्याही पुढे शेणोली, जिथे ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची गाडी लुटली, आणि मग लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी. रुळांनी सोपी जमीन धरली, शहरं बाजूला राहिली, आणि कारखाने रुळांकडे आले.

साताऱ्याला गाडी पकडणार असाल किंवा शहरात मुक्काम असेल तर एक लक्षात ठेवा. सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. तिथून शहर पाच-सहा किलोमीटर, आणि ते सगळे चढाचे.